तुझ्या हाताचा गुण

आत्या, परवा तुझं उत्तरकार्य झालं आणि पंगत बसलेली असताना मी सगळ्या भावकीदेखत धडधडीत खोटं बोलले. तेही तुझ्याबद्दल. तुला विचारायची सोय राहिली नव्हती, म्हणून न विचारता बोलले. आता निदान तुला सांगावं तरी, म्हणून लिहायला बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिवतंस कशाला, तोंर नाय तुला?" आहे गं तोंड. त्या तोंडानंच तर हे सगळं झालं.

गल्लीच्या सुरुवातीला तुझा फ्लेक्स लावलाय. आधार कार्डावरचा फोटो मोठा केलाय, त्यामुळे तू चोर पकडल्यासारखी बघतेयस, आणि खाली लिहिलंय 'प्रेमळ, मनमिळाऊ'. कुणी लिहिलं कोण जाणे. बोनकोड्यातल्या निम्म्या लोकांशी तू भांडलेली होतीस आणि उरलेल्या निम्म्यांचे हातपाय ओढून सरळ केले होतेस. कुणाचा खांदा उतरला, कुणाचं मनगट मुरगळलं, कुणी बाइकवरून पडलं, की आधी तुझा ओटा गाठायचा. तू समोरच्याला विचारायचीस, "काल काय जेवलास?" तो आठवायला लागला की तेवढ्यात झटका. मी सात वर्षांची असताना सुट्टीत तुझ्याकडे आले होते आणि माझं कोपर निखळलं होतं. मी 'भेंडी' म्हणाले आणि कोपर जागेवर बसलं. अजून ताटात भेंडी आली की माझा उजवा हात आपोआप पोटाशी जातो.

"यमुनेच्या हाताला गुण हाय," लोक म्हणायचे. तू ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस आणि पदर सारखा करायचीस. आयुष्यात तुला एवढ्या एकाच गोष्टीचा गर्व होता. तीच मी तुझ्याकडून सगळ्यांसमोर काढून घेतली.

मागच्या गणपतीनंतर तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आमचं करून झालंय, आता त्यांची बॉडी कशी साथ देते बघू." मी नेरूळच्या कॉलेजात ऑफिस सांभाळणारी, नवस बोलणाऱ्यांना हसणारी बाई. हॉस्पिटलातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मी गावदेवीला म्हटलं, आत्याला घरी आण, तिची ठिपकी तुला देईन.

तुझ्या बाकीच्या कोंबड्या नुसत्या कोंबड्या होत्या. ठिपकीची गोष्ट वेगळी होती. राखाडी अंगावर पांढरे ठिपके. तू मालिका बघायला बसलीस की ती मांडीवर येऊन बसायची आणि जाहिराती लागल्या की उतरायची. देवीकडे एवढं मोठं मागायचं तर तुझ्या जिवाजवळचं काहीतरी द्यायला हवं, असं मला त्या वेळी वाटलं. तू चौथ्या दिवशी डोळे उघडलेस आणि आठवड्यानं घरी आलीस.

मी मोठ्या कौतुकानं बाबांना नवसाचं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला.

"नाव घेतलंस?"

"हो."

"अगं, नाव घ्यायचा नसतो. कोंबरी देईन, एवराच बोलायचा. नाव घेतलास ना, आता तीच द्यायला लागंल. दुसरी चालनार नाय."

हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. बाबा तळोज्याच्या कंपनीत नोकरीला लागले, आम्ही नेरूळला सोसायटीत राहायला गेलो, तिथे मला बाकी सगळं शिकवलं. नवस कसा बोलायचा ते शिकवायचं राहून गेलं.

आणि तुला कळलं तेव्हा तू किती भडकलीस! छातीत टाके ताजे होते आणि तू उठून बसलीस. "माझी कोंबरी. माझा जीव. देनारी तू कोन?" मी म्हटलं, आत्या, दर रविवारी तुझ्या घरी रस्सा शिजतो, तू स्वतःच्या हातानं कापतेस, तुला आत्ता कुठे दया सुचली? तू म्हणालीस, "खायला मारनं येगला. बदली देनं येगला. माझ्या बदली कुनी नको." मी म्हटलं, हा म्हातारपणाचा हट्ट आहे. तू म्हणालीस, असू दे. आपलं ते भांडण तिथेच राहिलं. त्यानंतर कितीदा भेटलो, पण पुन्हा तो विषय पुरता बोललोच नाही. मला वाटायचं, मीच जिंकले.

दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी बाबा आणि मी सकाळीच तुझ्याकडे आलो. तू आतल्या खोलीत जाऊन बसलीस. ठिपकीनं मागच्या बोळात पाण्याच्या ड्रमामागे दडी मारली होती. एका बाजूनं बाबा, दुसऱ्या बाजूनं मी. मी हात घातला, ती फडफडून वर उडाली आणि भिंतीला टेकवलेला पत्रा तिच्या अंगावर आला. तिचं ओरडणं ऐकून तू धावत आलीस. पत्रा उचलला तर ती एका कुशीवर पडलेली, डावा पाय भलत्याच बाजूला लोंबत होता.

बाबांनी वाकून बघितलं. "आता नाय चालायची. मोरकी-तोरकी देवीला देत नाय. आधी बरी होऊ दे, मंग बघू."

तू तिला उचललंस, बोटांनी पायाचं हाड चाचपलंस आणि म्हणालीस, "नलीचा हार मोरलाय. बसंल."

"बघ, देवीच पावली," मी म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. आधी बरी करायची आणि बरी झाली की द्यायची, याचा अर्थ तुला तेव्हाच लागला होता. मला मात्र वाटत होतं की चला, एक अडचण सुटली.

त्यानंतरचे दिवस माझे फार चांगले गेले, हे मी तुला कधी सांगितलं नाही. ऑफिस सुटलं की मी बस पकडून बोनकोड्याला यायचे. पत्रा माझ्यामुळे पडला होता, म्हणून पट्टी बदलताना धरायचं काम माझं, असं तूच ठरवलंस. पहिल्या दिवशी मी कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, एक्स-रे काढावा लागेल. तू इतकी हसलीस की मला तुझ्या टाक्यांची भीती वाटली. "कोंबरीचा एक्स-रे! मंग तिला दोन दिवस अॅडमिट पन करू का?" दिवाळीच्या मोडलेल्या कंदिलाच्या कामट्या तू सोलून गुळगुळीत केल्यास. हळद आणि अंड्याचा पांढरा बलक एकत्र करून लेप दिलास, वर जुन्या लुगड्याची पट्टी. मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात तिचं बिऱ्हाड. भिजवलेले तांदूळ आणि सुकटीची पूड ती फक्त तुझ्या तळहातावरून खायची. माझ्या हातावरचं खाताना आधी मला एकदा नीट निरखायची, आणि ते बरोबरच होतं.

"नीट धर, कॉलेजची फाइल नाय ती," तू ओरडायचीस. माझ्या पंजाखाली तिचं काळीज धडधडत असायचं. एकदा तू पट्टी बांधता बांधता विचारलंस, "माझा पन असाच धरला व्हता का गं त्यांनी?" मी म्हटलं, आत्या, तू बेशुद्ध होतीस, मी बाहेर होते, मला काय माहीत. तू म्हणालीस, "घाबरला असंल बिचारा." स्वतःच्या हृदयाबद्दल असं बोलणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

पण त्या सगळ्या दिवसांवर सावट होतं. ठिपकी जितकी लवकर बरी होईल तितका तिला देवीला द्यायचा मंगळवार जवळ येणार होता. मी तिला मनापासून बरं करत होते, कारण मला माझा शब्द पाळायचा होता आणि तू जगायला हवी होतीस. मला आतून भीती वाटत होती, आत्या. देवावर विश्वास नसलेल्या माणसाला नवसाची भीती जास्त वाटते.

नवव्या दिवशी तू पट्टी सोडून बघितलीस. पाय अगदी सरळ बसला होता. ठिपकीनं बोटंसुद्धा हलवली. मी टाळी वाजवली. म्हटलं, "झकास! अजून दोन आठवडे. मार्गशीर्ष लागायच्या आत उरकून घेऊ." उरकून घेऊ, हेच शब्द माझे. तू पट्टी परत गुंडाळलीस. "जा, चहा ठेव," म्हणालीस. चहा पिऊन मी साडेसहाची बस पकडली.

बाविसाव्या दिवशी पट्टी कायमची सुटली. त्या दिवशी ओट्यावर सगळे होते. बाबा होते, शेजारचे दामूकाका होते, आणि समोरच्या घरातली तुझी मैत्रीण जैनबखाला नेहमीप्रमाणे पायरीवर बसलेली. तू ठिपकीला खाली ठेवलंस. तिनं चार पावलं टाकली आणि प्रत्येक पावलाला ती डावीकडे कलली. पाय आत वळलेला, बोटभर आखूड. बाबांनी जिभेनं 'च्च' केलं. मार्गशीर्ष दोन दिवसांवर होता, माझा नवस लटकलेला, आणि माझं डोकं फिरलं.

"तुझ्या हाताचा गुण गेला, आत्या," मी म्हणाले. "म्हातारी झालीस तू. एवढंसं हाड तुला धड बसवता आलं नाही?"

तू लुगड्याची पट्टी गुंडाळत होतीस. शेवटचं टोक आत खोचलंस आणि म्हणालीस, "असंल."

तेवढंच बोललीस. भांडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. बोनकोड्यात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? चार दिवसांनी दामूकाकांचा खांदा धरला तर ते सेक्टरमधल्या फिजिओथेरपीच्या बाईकडे गेले. तुझ्या ओट्यावरून जाताना त्यांनी मान खाली घातली, हे मला खालानं सांगितलं. मग हळूहळू कुणीच यायचं बंद झालं. मी आले की तू मांडीवर ठिपकीला घेऊन टीव्ही बघत असायचीस. तुझे ते हात तिच्या पाठीवर नुसते पडलेले असायचे. मी ते बघायचे आणि चहा ठेवायला आत जायचे.

नवसाचं बाबांनी दोन-तीन जाणत्यांना विचारलं. सगळ्यांनी हात झटकले. तूच शेवटी म्हणालीस, "देवीचा आन माझा काय हाय ते मी बघतंय. तुमी मधी परू नका." आणि दर मंगळवारी एकटी देवळात जाऊन बसायला लागलीस. पाच महिने तू देवीशी काय बोललीस ते मला कधीच कळणार नाही. एका सकाळी कपडे वाळत घालताना तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस. मी पोचले तेव्हा दोरीवर अर्धेच कपडे होते. बाकीचे मी घातले. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

दहाव्याला तलावावरून परत आल्यावर मी तुझ्या ओट्यावर बसले होते. ठिपकी लंगडत आली आणि माझ्या चपला चोचीनं टोचून गेली. जैनबखाला मूळची तळोज्याची, तुला माहीत आहे ती कमी बोलते. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"तुला एक सांगायचंय. ती नको सांगू म्हणालेली. पन आता ती नाय, आन तू तिच्यावर राग धरून बसलीस."

"मी कसला राग धरणार, खाला?"

"त्या दिवशी तू बस पकडायला गेलीस ना, पाय सरळ बसला म्हनून टाळी वाजवून? तू गेलीस आन तिनं मला हाक मारली. म्हनाली, कोंबडी धर. पट्टी सोडली. दोन्ही अंगठे लावले." खालानं आपले अंगठे पुढे करून दाखवले. "मी डोळे मिटले. कोंबडी अशी ओरडली, बाई! मग तिनं पाय वाकडाच बांधला. मी म्हटलं, यमुना, वेडी झालीस काय? तर म्हनते, सरळ बसला तर मरंल, वाकडा राहिला तर जगंल. आन कोंबडीला म्हनते, माफ कर गं बाय. रडली नाय ती. पन मग नुसती बसून राहिली, चहा मलाच करावा लागला."

किती वर्षं तू हाडं बसवलीस, आत्या. बसत आलेलं एक हाड तू त्या संध्याकाळी उठवलंस. माझ्या बदली कुणी नको, असं तू मला तोंडावर सांगितलं होतंस आणि मी त्याला हट्ट म्हटलं. आणि बाविसाव्या दिवशी मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं तेव्हा तू एक शब्द उच्चारलास आणि पट्टी गुंडाळून ठेवलीस. एक वाक्य बोलली असतीस तर तुझी अब्रू वाचली असती. पण मग दुसरी पट्टी बांधून पाय सरळ करता येतो का, असं बाबांनी विचारलं असतं.

ते दोन दिवस मी वेड्यासारखी विचार करत होते. खरं सांगितलं तर तुझ्या हाताला गुण होता हे लोकांना कळेल. पण लगेच म्हणतील, बाईनं देवीला फसवलं, म्हणून देवीनं नेलं. न सांगितलं तर हात गेलेली म्हातारी म्हणूनच तू लोकांच्या लक्षात राहशील. दोन्हीकडून तुझंच नाव जाणार. काय करावं, तुलाच विचारलं असतं. तूच नव्हतीस.

परवा पंगतीत मी वालाची भाजी वाढत होते. दामूकाका भात कालवता कालवता सहज म्हणाले, "शेवटी शेवटी हात गेलाच व्हता तिचा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पलीकडून बाबा म्हणाले, "आन नवस पन तसाच राहिला." मी बादली खाली ठेवली.

"बाबा, आत्याच्या हाताला काही झालं नव्हतं," मी म्हणाले. "पट्टी मी सोडली होती. नवव्या दिवशी. आत्या आत होती. मला वाटलं, फार घट्ट झालीय. परत बांधली ती वाकडी बांधली गेली. आत्याला कळलं होतं. तिनं मला सांभाळून घेतलं."

जेवणारे हात थांबले. बाबांनी मान वर केली. "आन सगल्यांसमोर तूच तिला बोललीस?"

"हो."

दामूकाकांचा उष्टा हात खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. "म्हंजे हात चांगलाच व्हता," ते म्हणाले. "मी उगाच त्या मशीनला खांदा लावून बसलो." मग ते शेजारच्याला सांगायला लागले, की तू त्यांचा गुडघा कसा एका झटक्यात बसवला होतास. शेजारच्यानं आपलं मनगट पुढे केलं. पलीकडच्यानं त्याच्या बायकोचा घोटा सांगितला. "काल काय जेवलास, असा इचारायची!" कुणीतरी म्हणालं आणि अख्खी पंगत हसली. तुझ्या उत्तरकार्याला लोक हसले, आत्या. मला तेवढं हवं होतं. खाला कोपऱ्यात बसली होती, तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून जेवायला लागली.

बाबा हसले नाहीत. हात धुऊन ते दारात माझ्यापाशी आले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. "नवस तू बोललीस," ते म्हणाले, "आन मोरलास पन तूच. माझी बहीन तू घालवलीस."

खरं काय ते ओठांवर आलं होतं. मी तुझ्यासारखंच म्हटलं, "असंल."

त्यानंतर बाबांचा फोन आलेला नाही. येईल कधीतरी, किंवा येणारही नाही. ठिपकीला मी नेरूळला आणलंय. सोसायटीच्या सेक्रेटरीनं बाल्कनीत कोंबडी चालणार नाही असं सांगून झालंय, त्यांच्याशी मी तुझ्या आवाजात भांडले. काल तिचा पाय हातात घेतला. तू मोडून पुन्हा बांधलास तिथे गाठ लागते. आता मी म्हटलं तर ऐकणारं कुणी नाही, तरी म्हणते. चुकले, आत्या.

संध्याकाळी मी मालिका लावते. ठिपकी लंगडत बाल्कनीतून आत येते, माझ्या मांडीपाशी येऊन थांबते, मान वाकडी करून मला नीट निरखते, आणि परत फिरते. मी टीव्ही चालूच ठेवते.